‘गेले आणि परत आले’ : एका प्रेक्षकमताचा विचार

चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरता उतरता सामान्य प्रेक्षक जे एखादे वाक्य बोलून जातो, त्याला समीक्षेच्या ग्रंथांत स्थान नसते. तरीही अशा वाक्यांकडे दुर्लक्ष करू नये असे आम्हांस वाटते. ती अभ्यासातून आलेली नसतात. अनुभव ताजा असताना तोंडून निघालेली असतात. त्यामुळे कित्येकदा त्यांत कलाकृतीचे मर्म नेमके पकडलेले असते, आणि बोलणाऱ्याला मात्र आपल्या हाती काय लागले आहे याचा पत्ता नसतो.

‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५) या चित्रपटाविषयी असे एक मत वारंवार कानी पडते. दोन तास नुसत्या गाड्या पळतात. माणसे एका ठिकाणाहून निघाली, गेली, आणि त्याच वाटेने परत आली. यात गोष्ट ती काय? असा आक्षेप घेणाऱ्यांच्या शेजारीच दुसरा मोठा वर्ग उभा असतो. त्याला हा चित्रपट अतोनात आवडलेला असतो. परंतु कारण विचारले तर तोही गाड्यांकडेच बोट दाखवतो. गोष्ट नाही हे त्यालाही मान्य असते. इतक्या थरारापुढे गोष्ट हवी कशाला, एवढेच त्याचे म्हणणे. एकाची तक्रार आणि दुसऱ्याची तारीफ अशा रीतीने एकाच गृहीतावर उभी आहे. ते गृहीत तपासून पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू. ‘गेले आणि परत आले’ हीच या चित्रपटाची गोष्ट आहे, आणि ती सांगता यावी म्हणून दिग्दर्शकाला तीन चित्रपट आणि छत्तीस वर्षे खर्ची घालावी लागली, असे आमचे मत आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. या मालिकेचे जनक जॉर्ज मिलर हे ऑस्ट्रेलियाचे, शिक्षणाने डॉक्टर. सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात उमेदवारी करीत असताना रस्त्यावरील अपघातांत छिन्नविच्छिन्न झालेली माणसे त्यांनी जवळून पाहिली. मोटार हे आपल्या समाजाचे वाहन आहे तसेच हत्यारही आहे, ही जाणीव तेथून त्यांच्या चित्रपटांत आली. १९७०च्या दशकात जगाने तेलाची टंचाई अनुभवली होती. पेट्रोलपंपापुढील रांगेत सभ्य माणसे किती लवकर रानटी होतात हेही लोकांनी पाहिले होते. या दोन अनुभवांतून १९७९ साली पहिला ‘मॅड मॅक्स’ निघाला. त्यात मॅक्स हा पोलीस आहे. गुंडांची टोळी त्याच्या बायको-मुलावर गाडी घालते आणि मॅक्सच्या आतला माणूस विझून जातो. पुढचे सर्व चित्रपट या विझलेल्या माणसाचे आहेत. १९८१ साली दुसरा भाग आला, १९८५ साली तिसरा, आणि त्यानंतर तब्बल तीस वर्षांनी, २०१५ साली, हा चौथा.

चौथ्या भागाचे चित्रीकरण ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल परिसरात व्हायचे होते. दुसऱ्या भागाची भूमी तीच. परंतु तेथे अवचित भरपूर पाऊस झाला आणि वाळवंटात रानफुले उमलली. जगाचा अंत झाल्याचा देखावा उभा करण्यास ती भूमी कामाची राहिली नाही. अखेर सगळा लवाजमा आफ्रिकेतील नामिबियाला हलवावा लागला आणि २०१२ साली तेथे चित्रीकरण झाले. उजाड जग दाखवू पाहणाऱ्यांना मातीनेच असे उत्तर द्यावे, यात एक मौज आहे. आणि पुढे दिसेल की चित्रपटाचे सारही त्याहून फार निराळे नाही.

कथानक थोडक्यात असे. पाण्याचा एकमेव साठा असलेल्या एका उंच कड्यावर इमॉर्टन जो नावाचा हुकूमशहा राज्य करतो. त्याची सेनानी फ्युरिओसा एके दिवशी एका प्रचंड टँकरमध्ये त्याच्या पाच बंदिवान बायकांना लपवून पळ काढते. लहानपणी जेथून तिला पळवून आणले होते, त्या ‘हिरव्या जागे’कडे तिला जायचे असते. जोच्या माणसांनी पकडून ठेवलेला मॅक्स ओघाने त्यांच्यात सामील होतो. मागे सारे सैन्य लागते. अनेक संकटांतून पार पडून ही मंडळी पोहोचतात, तेव्हा कळते की हिरवी जागा उरलेलीच नाही. पाणी नासले, माती आंबट झाली, काही उगवेनासे झाले. आदल्या रात्री कावळ्यांनी भरलेली जी दलदल त्यांनी ओलांडली, तीच ती जागा. फ्युरिओसा वाळूत गुडघे टेकते आणि आक्रोश करते.

येथून पुढे दोन वाटा असतात. मिठाच्या विस्तीर्ण मैदानातून एकशे साठ दिवस पुढे जात राहावे, कोठेतरी काहीतरी सापडेल या आशेवर. अथवा मागे फिरावे. परतण्याचा विचार मांडतो तो मॅक्स. जेथून आपण पळालो तेथे पाणी आहे, हिरवाई आहे, आणि सारे सैन्य आपल्या पाठीवर असल्याने तो कडा या क्षणी रिकामा आहे, हे तो दाखवून देतो. मग मंडळी गाड्या वळवतात आणि ज्यांच्यापासून पळत होती त्यांच्याच अंगावर चालून जातात.

आता आधीचे दोन भाग आठवावेत. १९८१च्या चित्रपटात तेलाच्या एका लहानशा वस्तीला टोळीने वेढा घातलेला असतो. मॅक्स टँकर घेऊन बाहेर पडतो, टोळी त्याच्या मागे लागते. शेवटी उलगडा होतो की टँकरात वाळू भरली होती आणि तेल घेऊन वस्तीतील लोक दुसऱ्या वाटेने निसटले होते. ते दूर उत्तरेकडे जातात आणि तेथे नवे जीवन वसवतात. म्हणजे त्या वेळी मिलर यांच्या मनात ‘दुसरी जागा’ शिल्लक होती. १९८५च्या भागात रानात वाढलेली मुले ‘उद्याच्या भूमी’ची स्वप्ने पाहतात, त्यांतील काही जण तेथे पोहोचतातही, पण ती भूमी म्हणजे भग्न सिडनी शहर असते. त्या अवशेषांत ती दिवे लावून बसतात, वाट चुकलेल्या कोणाला दिसावेत म्हणून. आता स्वप्नाला तडा गेला आहे. दिवा तेवढा उरला आहे. आणि २०१५ साली? आता दुसरी जागा मुळीच नाही. जी होती ती आपण रात्रीच्या अंधारात ओळखू न येता मागे टाकली.

हे तीन चित्रपट एका ओळीत ठेवले की ‘गेले आणि परत आले’ या आक्षेपाचे स्वरूपच पालटते. पहिल्याने पलायन यशस्वी झालेले दाखवले, दुसऱ्याने पलायनाचा भ्रम दाखवला, तिसऱ्याने पाठ फिरवणाऱ्या माणसांना तोंड फिरवायला लावले. मालिकेतील पुढचा भाग म्हणजे जुन्या मालाची नवी पुडी, असा सर्वसाधारण समज आहे व तो बहुधा खराही असतो. येथे मात्र दिग्दर्शक आपल्याच जुन्या उत्तराशी वाद घालतो आहे. ऐंशीच्या दशकातील प्रेक्षकाला दूर कोठेतरी हिरवे रान आहे असे सांगता येत होते. आजच्या प्रेक्षकाला ते सांगणे लबाडीचे ठरेल. पृथ्वी बिघडली तर मंगळावर वस्ती करू, असे म्हणणारे धनिक आज आहेत. फ्युरिओसाची मिठाच्या मैदानापलीकडची आशा यापेक्षा फार वेगळी नव्हती.

फ्युरिओसाला मॅक्स विचारतो की या बायका आशेच्या शोधात आहेत, तू कशाच्या? ती एकाच शब्दात उत्तर देते. तो शब्द आपल्या ओळखीचा आहे : उद्धार, पापमुक्ती. आम्हां सेमिनरीत शिकलेल्यांना हा शब्द ऐकला की जुन्या करारातील एक क्रियापद आठवते. पश्चात्तापासाठी हिब्रू भाषेत ‘शूव’ हा धातू वापरतात, आणि त्याचा मूळ अर्थ अगदी साधा आहे : वळणे, परत फिरणे. मनात वाईट वाटून घेणे त्यात नंतर येते. आधी पाय वळावे लागतात. फ्युरिओसा जोची सेनानी होती. त्या राज्याचा गाडा तिच्याही हातांनी चालला होता. ती हिरव्या जागी पोहोचली असती तर तिची सुटका झाली असती. पण कड्याखाली थेंबाथेंबासाठी हात पसरून उभ्या असलेल्या माणसांचे काय? पळून जाणाऱ्याला स्वातंत्र्य मिळते. जिचा उद्धार व्हायचा आहे तिला परतावे लागते. ही गोष्ट कोणी भाषण करून सांगत नाही; गाड्या वळतात तेव्हा ती घडते.

दुसरे एक मत असे की हा चित्रपट मॅक्सचा राहिलाच नाही. नावापुरता मॅक्स, सारा भाव फ्युरिओसाचा. जुन्या भागांतील मेल गिब्सनच्या चाहत्यांना हे विशेष खटकले. टॉम हार्डीच्या वाट्याला संवाद थोडे आहेत आणि आरंभी बराच वेळ त्याच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे, हे खरे. परंतु दुसऱ्या भागातही मॅक्स लोकांच्या कामी येऊन त्यांच्यावाचून मागे राहिला होता. वाळूने भरलेला टँकर आपण हाकत आहोत याची कल्पनाही त्याला कोणी दिली नव्हती. तो मालिकेचा नायक असला तरी कथेत तो वाटसरूच राहिला आहे. शार्लिझ थेरॉनची फ्युरिओसा मध्यभागी आल्याने त्याचे काही हिरावले गेले, असे आम्हांस वाटत नाही.

याच मताचे टोक म्हणजे २०१५ साली काही पुरुषहक्कवादी मंडळींनी दिलेली बहिष्काराची हाक. स्त्रीला पुढे करून पुरुषांच्या चित्रपटात स्त्रीवाद घुसवला, असा त्यांचा आरोप; आणि तो चित्रपट पाहण्यापूर्वीच केलेला! उलट बाजूने काही स्त्रीवादी समीक्षकांनी असे म्हटले की स्त्रियांच्या हाती बंदुका दिल्याने मुक्ती होत नाही. पहिल्या मताला उत्तर देण्याचे कारण नाही. न पाहता दिलेले मत हे मतच नव्हे. दुसऱ्या मतात तथ्य आहे. बंदिवान स्त्रियांच्या अनुभवाशी प्रामाणिक राहावे म्हणून मिलर यांनी नाटककार इव्ह एन्स्लर यांना बोलावून अभिनेत्रींशी चर्चा घडवून आणल्या होत्या. तरीही त्या पाच जणींपैकी दोघी-तिघीच स्वतंत्र व्यक्ती म्हणून लक्षात राहतात. त्यांनी आपल्या कोठडीच्या भिंतीवर आपण वस्तू नाही असे लिहून ठेवले आहे; ते वाक्य ठसते, लिहिणारी मात्र पुरेशी उभी राहत नाही. ही उणीव मान्य केली पाहिजे.

धर्माची यात टवाळी आहे, असे तिसरे मत. ते आम्हां धर्मगुरूंस अधिक काळजीने ऐकणे भाग आहे. जोची पोरसवदा सैनिकांची फौज मोटारीच्या इंजिनाला भजते, बोटांत बोटे गुंफून त्याची खूण करते, तोंडावर चंदेरी रंग फवारून मरणाला कवटाळते, आणि लढताना मेलेल्याला वीरांचा स्वर्ग मिळतो यावर विश्वास ठेवते. मरणाऱ्याने साक्षीसाठी ओरडावे आणि इतरांनी त्याची साक्ष द्यावी, असा त्यांचा विधी आहे. ही टवाळी आहेच, पण कोणाची? पाण्यावर कबजा मिळवून त्याच्या जोरावर देव बनलेल्या माणसाची, आणि तरुणांचे मरण स्वस्त करणाऱ्या पंथाची. असे पंथ इतिहासात झाले आहेत, आपल्याही नावाने झाले आहेत. त्यांची लक्षणे कोणी दाखवून दिली तर श्रद्धावंताने रागावण्यापेक्षा ती नीट पाहून घ्यावीत.

शिवाय चित्रपट एवढ्यावर थांबत नाही. नक्स नावाचा एक आजारी पोरगा (भूमिका निकोलस होल्टची) आरंभी याच वेडाने झपाटलेला असतो. शेवटी इतरांना वाट मोकळी व्हावी म्हणून खिंडीत गाडी आडवी घालून तो मरतो. त्या वेळी तोंडावर रंग नाही, आरडाओरडा नाही. जिच्यावर त्याचा जीव जडला त्या मुलीकडे पाहून तो हळूच साक्ष मागतो. शब्द तोच, अर्थ उलटा. आधीची साक्ष स्वतःच्या कीर्तीसाठी होती, ही दुसऱ्यांच्या जिवासाठी आहे. मॅक्सच्या रक्ताचेही तसेच. आरंभी त्याला उलटे टांगून त्याचे रक्त नक्सला चढवतात. तो माणूस नसतो, रक्ताची पिशवी असतो. शेवटी फ्युरिओसा मरणपंथाला लागते तेव्हा तीच नळी तो आपल्या हाताने आपल्या दंडात खुपसतो, आणि त्याच वेळी तिला आपले नाव सांगतो. आपल्या मराठी ख्रिस्ती परिभाषेत हुतात्म्याला ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. रक्त आणि साक्ष हे दोन्ही शब्द ज्या चित्रपटात ओरबाडून घेतल्यापासून आपणहून दिल्यापर्यंत प्रवास करतात, त्याला श्रद्धेची टवाळी म्हणणे आम्हांस तरी जमत नाही.

अतिरंजित आहे, असेही मत पडते. कड्यावरून क्षणभर पाणी सोडायचे, खाली झुंबड उडाली की बंद करायचे, आणि वर लोकांनाच बजावायचे की पाण्याची चटक लावून घेऊ नका. असे कोठे असते काय? चित्रपट २०१५च्या मे महिन्यात आला. पुढल्याच उन्हाळ्यात आपल्या लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी दंगे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला आणि मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. कल्पनेतले जग आपण समजतो तितके लांब नसते.

राहता राहिला थरार. त्याचे कौतुक करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. मिलर यांनी पारंपरिक पटकथेऐवजी सुमारे साडेतीन हजार चित्रचौकटी काढून घेतल्या होत्या. गाड्या खऱ्या धावल्या, माणसे खरी उडाली. संगणकाचा हातही अनेक दृश्यांना लागला आहे, पण त्यांचा पाया प्रत्यक्षातला आहे. चारशे ऐंशी तासांच्या चित्रफितींतून संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी दोन तास निवडले. दृश्ये अतिशय झपाट्याने बदलतात, तरी डोळा गोंधळत नाही, कारण छायालेखक जॉन सील यांनी महत्त्वाची गोष्ट सतत पडद्याच्या मध्यभागी ठेवली आहे. २०१६ साली चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाले, त्यांत संकलनाचे एक होते, ते योग्यच. परंतु इतक्या देखण्या इंजिनांपुढे प्रेक्षकही हळूहळू हात जोडू लागतो, हा धोका उरतोच. पडद्यावरील पोरांच्या मोटारपूजेला हसणारा प्रेक्षक बाहेर येऊन कोणती गाडी सर्वांत भारी यावर वाद घालतो. हा दोष अर्धा प्रेक्षकाचा असेल. अर्धा दिग्दर्शकाचाही आहे.

आमचा मुख्य आक्षेप शेवटाविषयी आहे. जो मरतो, फ्युरिओसा परतते, वरून पाणी धो धो सोडले जाते, लोक आनंदाने वेडे होतात. सुंदर दृश्य! पण जोही पाणी असेच वाळूवर सांडत होता. आता त्याची वाटणी कोण करणार, कोणत्या नियमाने? मघाशी ज्यांच्यासाठी परतायचे होते, त्या खालच्या गर्दीतील एकालाही चित्रपटाने नाव दिलेले नाही. परतण्याचा निर्णय जितका खोल आहे तितका परतल्यानंतरचा विचार खोल नाही. मात्र एक खूण दिग्दर्शकाने ठेवली आहे. हिरव्या जागेतील एका म्हातारीजवळ बियांची पिशवी असते. जाईल तेथे ती बी पेरून पाहते, पण काही रुजत नाही. ती परतीच्या लढाईत मरते आणि पिशवी त्या पाच जणींपैकी एकीच्या हाती राहते. बी हिरव्या जागेचे, पाणी कड्यावरचे. दोन्ही एकत्र यायला परत जाण्यावाचून मार्ग नव्हता.

गोष्ट नाही म्हणणाऱ्यांना २०२४ साली गोष्ट मिळाली. ‘फ्युरिओसा’ या चित्रपटात मिलर यांनी तिचे बालपण, अपहरण, सूड, सारे क्रमवार सांगितले. जाणकारांनी वाखाणले, पण प्रेक्षक आले नाहीत. ‘फ्युरी रोड’ने जगभरात सुमारे अडतीस कोटी डॉलर मिळवले होते, हा सतरा कोटींच्या आसपास थांबला. तिकीटखिडकीची कारणे अनेक असतात. तरी एवढे म्हणता येते की गोष्ट मागणाऱ्याला घटनांची यादी हवी असते असे नाही. त्याही चित्रपटाच्या शेवटी आईने दिलेली पीचची कोय फ्युरिओसा रुजवते. ती कोठे, तर त्याच कड्यावर, शत्रूच्या गडात.

तेव्हा ‘गेले आणि परत आले, त्यात काय?’ असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाला आमची एवढीच विनंती, की त्याने आपलेच वाक्य पुन्हा एकदा सावकाश उच्चारून पाहावे. जाणे सोपे असते. तेथे वेग आहे, धुरळा आहे, मागे लागलेल्यांची भीती आहे. परत येताना ज्यांना सोडून आलो त्यांच्याकडे तोंड करून यावे लागते. हा चित्रपट पाहिलेल्यांनी गाड्यांची नावे विसरली तरी चालेल. मिठाच्या मैदानाच्या काठावर त्या गाड्या ज्या क्षणी वळल्या, तो क्षण विसरू नये.